काचेपलीकडचा मासा टिपताना

मुंबईची सहल आटोपून बीडला परतलेल्या कुटुंबाच्या मोबाइलमध्ये गेटवे ऑफ इंडिया असते, गिरगाव चौपाटी असते आणि अलीकडे राणीच्या बागेतील पेंग्विनही असतात. चौपाटीचे छायाचित्र बहुधा चांगले आलेले असते. पेंग्विनचे मात्र हमखास बिघडलेले. मधोमध फ्लॅशचा पांढराशुभ्र गोळा, त्याच्या बाजूला मोबाइल उंच धरलेला हात, मागे उभ्या असलेल्या आजोबांची पांढरी टोपी आणि या साऱ्याच्या आड कुठे तरी एक काळपट आकृती. माशांच्या बाबतीत तर आणखी वाईट अवस्था होते. परतल्यावर शेजाऱ्यांना छायाचित्र दाखवताना ‘मासा इथे होता’ असे पडद्यावर बोट ठेवून सांगावे लागते.

ही छायाचित्रे महागडा कॅमेरा नसल्यामुळे बिघडतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. साध्या मोबाइलने मत्स्यालयात उत्तम छायाचित्र निघू शकते आणि लाखभर रुपयांच्या कॅमेऱ्याने अत्यंत वाईट. बहुतेक वेळा बिघाडाचे मूळ एकच असते, ते म्हणजे प्रकाश काचेच्या चुकीच्या बाजूला पडतो. मासा नीट दिसायचा तर माशाच्या बाजूला उजेड आणि पाहणाऱ्याच्या बाजूला अंधार हवा. मत्स्यालयाची रचना करणाऱ्यांनी नेमका हाच विचार करून दालन काळोखे आणि टाक्या उजळ ठेवलेल्या असतात. प्रेक्षक फ्लॅश उडवतो, तेव्हा तो ही सारी मांडणी क्षणार्धात उलटी करून टाकतो.

बीडसारख्या जिल्ह्यातील माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. समुद्र येथून रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, तोवर शहराला एसटी आणि खासगी गाड्यांचाच आधार होता. बाजारात दिसणारा मासा प्रामुख्याने धरणातला किंवा गोदावरीतला म्हणजे रोहू, कटला, मृगळ. पाकट, शेवंड किंवा समुद्रघोडा जिवंत पाहण्याचा योग अनेकांच्या आयुष्यात एकदाच येतो, तोही शाळेच्या सहलीत, पुढच्या ठिकाणची वेळ गाठण्यासाठी शिक्षक घाई करीत असताना. त्या अर्ध्या तासात घेतलेले छायाचित्र पुढे वर्गात दाखवले जाते, आजीला दाखवले जाते, घरी राहिलेल्या धाकट्या भावंडाला दाखवले जाते. ते बिघडले तर पुन्हा घेण्याची संधी मिळेलच, याची शाश्वती नसते.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने हे फार स्पष्टपणे दाखवून दिले. मरिन ड्राइव्हवरील या मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले होते. बांधकामाला आठ लाख रुपयांच्या आसपास खर्च आला आणि त्यातील दोन लाखांची देणगी ज्या पारशी दानशूराने दिली, त्यांचे नाव वास्तूला मिळाले. राज्यभरातून मुंबईला जाणाऱ्या सहलींच्या यादीत पुढची सहा दशके हे नाव अढळ राहिले. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले, तेव्हा त्यात बारा फूट लांबीचा ॲक्रिलिकचा बोगदाही आला होता आणि छायाचित्रणासाठी प्रवेशमूल्याहून निराळे व बरेच अधिक शुल्क आकारले जाऊ लागले. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत त्याचे दरवाजे बंद झाले आणि टाळेबंदी उठल्यानंतरही ते वर्षानुवर्षे बंदच राहिले. त्या बोगद्यातून जाताना ज्यांनी छायाचित्र घेतले आणि ज्यात मासा दिसतो आहे, त्यांच्यापाशी आज एक दस्तऐवज आहे. ज्यात नुसताच फ्लॅश दिसतो आहे, त्यांच्यापाशी हळहळ.

एसटीच्या खिडकीचा धडा

काचेचा हा व्यवहार समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. रात्रीच्या एसटीने प्रवास केलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे. गाडीत दिवे लागलेले असतात तेव्हा खिडकीबाहेर काहीच दिसत नाही. काचेत दिसतो तो स्वतःचा चेहरा, शेजारच्याची पिशवी आणि समोरच्या बाकावर पेंगणारा सहप्रवासी. वाहकाने दिवे मालवले की त्याच काचेतून शेते, विजेचे खांब आणि दूरच्या वस्तीवरचा दिवा दिसू लागतो. काच तीच, डोळे तेच. फक्त उजेड कुठल्या बाजूला आहे, ते बदलले.

काचेवर सरळ समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण चार टक्के प्रकाश तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. चार टक्के ही मात्रा ऐकायला किरकोळ वाटते आणि पलीकडची वस्तू लख्ख उजळलेली असेल, तर ती खरोखरच किरकोळ असते. परंतु मत्स्यालयातील मासा काही उन्हात उभा नसतो. पाण्यातून गाळून आलेल्या मंद प्रकाशात तो असतो. अशा वेळी अलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावरून येणारा प्रकाश किंवा शेजारच्या प्रेक्षकाच्या मोबाइलचा उजळ पडदा यांचे चार टक्केही माशाच्या तोडीस तोड ठरतात. फ्लॅशची तर बातच निराळी. तो काचेवर आदळतो, त्यातील काही भाग सरळ लेन्समध्ये परततो आणि पांढरा गोळा तयार होतो. जो प्रकाश आत जातो तो पाण्यातील बारीक कणांवर, माशांच्या विष्ठेच्या तुकड्यांवर, हवेच्या बुडबुड्यांवर पडून परत येतो. छायाचित्रात बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसतात, ते हेच.

मोबाइलधारकांचा एक घोटाळा येथे सांगितला पाहिजे. बहुतेक मोबाइलमध्ये फ्लॅश ‘ऑटो’वर ठेवलेला असतो. अंधार दिसला की यंत्र आपण होऊन फ्लॅश उडवते. मत्स्यालयात शिरण्यापूर्वी, म्हणजे तिकिटाच्या रांगेतच, तो पूर्णपणे बंद करून ठेवणे शहाणपणाचे. आत गेल्यावर गर्दीत हे कोणाच्याही ध्यानात राहत नाही.

प्रतिबिंब घालवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे लेन्स काचेला टेकवणे. लेन्स आणि काच यांच्यामध्ये फट उरली नाही, तर तेथे बाहेरचा उजेड शिरत नाही आणि प्रतिबिंबाचा प्रश्नच मिटतो. मोबाइल यासाठी अतिशय सोयीचा आहे, कारण त्याची लेन्स जवळपास सपाट असते. मोठ्या कॅमेऱ्याला रबराचा मऊ हूड लावावा म्हणजे लेन्सही सुरक्षित राहते आणि टाकीवर ओरखडाही उठत नाही. ॲक्रिलिकवर धातूचा वा कडक प्लॅस्टिकचा किंचित घासलेला कोपराही कायमचा व्रण ठेवून जातो. हे ओरखडे पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या छायाचित्रात उमटतात. हूड नसेल तर मूठ अर्धवट मिटून लेन्सभोवती धरली तरी चालते, किंवा एखादा काळा रुमाल. मत्स्यालयाला जाताना गडद कपडे घालावेत हा सल्ला थोडा हास्यास्पद वाटेल, पण अनुभवी छायाचित्रकार तो पाळतात. मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना पांढरा सदरा आणि टोपी बदलायला सांगणे कठीण. त्यांना काचेपासून दोन पावले बाजूला उभे केले तरी काम भागते. आणि हो, टेकवण्यापूर्वी काच पुसून घ्यावी. सकाळपासून शंभर मुलांनी नाक आणि बोटे लावलेली असतात.

अनेकांना वाटते की पोलरायझर फिल्टर लावला की प्रतिबिंब आपोआप जाईल. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. बीडच्या कंकालेश्वर मंदिराच्या जलकुंडाकाठी उभे राहून पाण्यात डोकावले, तर पृष्ठभागावर आकाश चकाकताना दिसते आणि आतले काही दिसत नाही. तेथे पोलरायझर जादू करतो. विशेषतः पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहिले, तर चकाकी जवळजवळ नाहीशी होऊन आतल्या पायऱ्या दिसू लागतात, कारण या कोनातून परावर्तित झालेला प्रकाश एकाच प्रतलात कंप पावत असतो आणि फिल्टर तेवढाच अडवतो. मत्स्यालयाच्या काचेसमोर मात्र छायाचित्रकार सरळ उभा असतो. सरळ समोरून परतणाऱ्या प्रकाशात हा गुण नसतो. त्यामुळे फिल्टर प्रतिबिंब तर घालवत नाहीच, उलट आधीच अपुरा असलेला प्रकाश निम्म्याहून कमी करून ठेवतो. तलावाकाठी उपयोगी पडणारी वस्तू मत्स्यालयात पिशवीतच राहिलेली बरी.

पाणी माशाला जवळ आणते

तिरके उभे राहून छायाचित्र का घेऊ नये, याचे कारण प्रतिबिंबाशी निगडित नाही. ते प्रकाशाच्या वाकण्यात आहे. पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना किरण वळतो. समोरून पाहिले तर या वळण्याचा परिणाम एवढाच होतो की मासा आहे त्यापेक्षा जवळ भासतो. चार फूट अंतरावरचा मासा तीन फुटांवर असल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्यालाही तो तीन फुटांवरच दिसतो, म्हणून फोकसची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु तिरक्या कोनातून निरनिराळ्या रंगांचे किरण कमी-अधिक वळतात आणि एका माशाच्या कडेला निळी व तांबडी झालर दिसू लागते. आकृती पसरट आणि धूसर होते. काच जितकी जाड, तितका हा दोष अधिक.

मोठ्या मत्स्यालयांत ही जाडी थक्क करणारी असते. जपानमधील ओकिनावा येथे २००२ मध्ये खुल्या झालेल्या चुराउमी मत्स्यालयात देवमुशी ज्या टाकीत विहरते, तिच्या दर्शनी ॲक्रिलिकची जाडी साठ सेंटिमीटर आहे, उंची ८.२ मीटर आणि रुंदी २२.५ मीटर. साडेसात हजार घनमीटर पाण्याचा भार पेलणाऱ्या या भिंतीतून तिरके पाहणे म्हणजे दोन फूट जाडीच्या भिंगातून पाहणे होय. अशा ठिकाणी नेमके समोर उभे राहण्याला पर्याय नाही.

बोगद्याचे गणित आणखी वेगळे. अहमदाबादच्या सायन्स सिटीत जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या मत्स्यालयात २८ मीटर लांबीचा बोगदा आहे. अशा बोगद्याची वक्र भिंत स्वतःच भिंगासारखी वागते आणि डोक्यावरून जाणारा मासा प्रत्यक्षाहून लहान भासवते. बोगद्यात हौसेने मोबाइल इकडेतिकडे फिरवला जातो. त्याऐवजी मध्यरेषेवर उभे राहून सरळ वर किंवा सरळ बाजूला रोख धरला, तर विकृती कमी येते. राज्यातील शहरांत आनंदमेळ्यांच्या निमित्ताने जे तात्पुरते बोगदे उभारले जातात, त्यांनाही हाच नियम लागू पडतो. तेथे काचेचा दर्जा बेताचा असल्याने थोडा अधिकच.

आठव्या भागाची गोष्ट

फ्लॅश बंद केला की दुसरी अडचण उभी राहते. उजेड कमी आणि मासा चंचल. फिल्मच्या जमान्यात मत्स्यालयातील छायाचित्रण ही जवळपास व्यावसायिकांचीच मिरास होती, ती यामुळे. समजा, टाकीतल्या उजेडात १६०० आयएसओ आणि एफ/२.८ इतके ॲपर्चर ठेवून एक सेकंदाच्या १२५व्या भागात योग्य छायाचित्र मिळते. तेव्हाच्या घरगुती कॅमेऱ्यात सर्रास भरल्या जाणाऱ्या १००च्या फिल्मला त्याच उजेडात सोळापट वेळ लागला असता, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने सावकाश पोहणारा मासाही तेवढ्या वेळात अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. बोटभर लांबीचा मासा असेल तर छायाचित्रात उरतो तो केवळ रंगाचा ओघळ. १२५व्या भागात तोच मासा दीड मिलिमीटरच्या आसपास हलतो आणि छायाचित्र स्पष्ट येते. म्हणूनच पूर्वी फ्लॅश वापरावाच लागे. आता त्याची सक्ती उरली नाही, तरी सवय मात्र पिढीजात चालत आली आहे.

आज साध्या कॅमेऱ्यातही १६०० किंवा ३२०० आयएसओ निर्धास्तपणे वापरता येते. छायाचित्रात थोडी रवाळ छटा येते खरी, पण रवाळ मासा हा पुसट माशापेक्षा केव्हाही बरा. मोबाइलवर स्वतंत्र ‘प्रो’ पर्याय असेल तर शटरचा वेग तेथे ठरवता येतो. नसेल तर माशावर बोटाने टिचकी देऊन फोकस पक्का करावा आणि उजेडाची पट्टी किंचित खाली ओढावी. मोबाइल काळी पार्श्वभूमी पाहून फसतो आणि छायाचित्र वाजवीपेक्षा उजळ करू पाहतो. त्यात चंदेरी माशाच्या अंगावरील खवले जळून पांढरे होतात. या माशांच्या त्वचेत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते अक्षरशः आरशासारखे चमकतात. तो चमकदारपणा टिकवायचा तर छायाचित्र थोडे गडदच घ्यावे लागते. मोबाइलचा ‘नाइट मोड’ येथे कामाचा नाही. तो अनेक क्षणांचा प्रकाश एकत्र करतो, म्हणून त्यात स्थिर खडक सुंदर येतो आणि मासा भुतासारखा पारदर्शक.

यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते ते निरीक्षण. टाकीतला मासा सैरावैरा पोहत असल्याचा भास होतो, पण पाच मिनिटे एकाच टाकीसमोर थांबले की त्याचा ठरलेला फेरा ध्यानात येतो. तो त्याच खडकाला वळसा घालतो, त्याच कोपऱ्यात वळतो आणि वळताना क्षणभर मंदावतो. छायाचित्रकाराने माशाच्या मागे धावण्याऐवजी त्या वळणावर रोख धरून वाट पाहावी. चाळीस टाक्यांची चाळीस छायाचित्रे घेणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. तीन टाक्या निवडून प्रत्येकीसमोर थांबणाऱ्याच्या हाती तीन चांगली छायाचित्रे लागतात. शाळेच्या सहलीत हे कसे जमावे, हा प्रश्न रास्त आहे. मुलांच्या गटांना टाक्या वाटून दिल्या तर जमते.

काही वेळा छायाचित्रावर आडव्या काळ्या पट्ट्या येतात आणि कॅमेरा बिघडल्याची शंका येते. दोष दिव्यांचा असतो. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणून कित्येक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण वेगवान शटर त्यातील अंधाराचा क्षणही टिपते. शटर १०० किंवा ५०व्या भागावर आणले की पट्ट्या जातात. १०० हा आकडा माशासाठीही बहुधा पुरेसा असतो.

रंगाचा प्रश्न याहून अवघड आहे. प्रवाळांच्या टाक्यांवर हल्ली निळे एलईडी लावतात, कारण प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला अन्न तयार करण्यासाठी तो निळा प्रकाश मानवतो. डोळा या निळाईला सरावतो, कॅमेरा सरावत नाही. परिणामी नारिंगी क्लाउनफिश छायाचित्रात जांभळट दिसतो. कॅमेऱ्यात ‘रॉ’ स्वरूपात छायाचित्र साठवले तर रंग नंतर बऱ्याच अंशी सुधारता येतात. मात्र दिव्यातच जो रंग नव्हता तो कोणत्याही संगणकाला परत आणता येत नाही. अशा वेळी त्याच माशाचे पांढऱ्या दिव्याखालच्या टाकीतील छायाचित्र मिळते का, ते पाहावे.

फ्लॅशने मासा आंधळा होतो काय?

मत्स्यालयांतील ‘फ्लॅश वापरू नये’ या पाटीमागचे कारण म्हणून मासे आंधळे होतात, असे सर्रास सांगितले जाते. बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि त्यांची बाहुली माणसाच्या बाहुलीप्रमाणे झटकन आकुंचन पावत नाही, हे खरे. त्यामुळे शंका रास्त होती. २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुद्रघोडे आणि समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या अन्य माशांवर फ्लॅशचे परिणाम तपासले गेले. त्यांच्या डोळ्यांना इजा झाल्याचे आढळले नाही. माशांना खरा त्रास झाला तो छायाचित्रासाठी त्यांना हाताने हलवण्याचा, डिवचण्याचा.

याचा अर्थ पाटी निरर्थक आहे, असा नव्हे. तो अभ्यास काही मोजक्या जातींवर झाला होता, तर टाकीतल्या माशावर दिवसभरात शेकडो फ्लॅश उडू शकतात आणि त्याला तेथून पळून जाण्यास जागा नसते. अंधारात वावरणारे निशाचर जीव, ऑक्टोपससारखे बिचकणारे प्राणी अचानक झालेल्या उजेडाने दचकतात आणि दचकलेला मासा काचेवर आदळू शकतो. शिवाय फ्लॅशने चित्र बिघडतेच. ज्या गोष्टीने लाभ कोणाचाच नाही, ती टाळण्यासाठी मासा आंधळा होण्याची वाट कशाला पाहावी?

डिवचण्याबाबतचा निष्कर्ष मात्र प्रत्येक मत्स्यालयाच्या भिंतीवर लिहावा असा आहे. टाकीतल्या माशाला हात लावता येत नाही, म्हणून लोक काचेवर टकटक करतात. मासा तोंड वळवेल आणि छायाचित्र चांगले येईल, ही अपेक्षा. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि माशाच्या दोन्ही कुशींवर कंपने टिपणारी एक संवेदनशील रेषा असते. बाहेर हलकीशी वाटणारी टिचकी आत त्याच्या सर्वांगाला जाणवते. तोंड वळवणे दूरच, मासा खडकाआड दडतो आणि मागच्या रांगेतील माणसांनाही तो दिसत नाही.

नाव असलेले छायाचित्र

छायाचित्र केवळ सुंदर असणे पुरेसे नाही, त्यातला मासा ओळखू आला पाहिजे, असा आग्रह वर्गात ते दाखवू इच्छिणाऱ्या शिक्षकाने धरावा. त्यासाठी मासा पूर्ण बाजूने दिसायला हवा. पाठीवरचा पर, शेपटीची ठेवण आणि डोळा या तीन गोष्टी स्पष्ट असतील तर जाणकार माणूस जात सांगू शकतो. समोरून घेतलेले, तोंड वासलेल्या माशाचे छायाचित्र गमतीदार असते, पण त्यावरून ओळख पटत नाही. प्रत्येक टाकीसमोर पहिले छायाचित्र तिच्या नावाच्या पाटीचे घ्यावे. ही सवय लागली की घरी आल्यावर ‘पिवळा मासा’, ‘पट्ट्यांचा मासा’ असे म्हणण्याची वेळ येत नाही. त्या पाट्यांवर इंग्रजी नावाशेजारी मराठी नावही असेल तर तेही येते. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयासारख्या ठिकाणी जाणाऱ्या मराठवाड्याच्या पाहुण्याला कोकणातली नावे नवीच असतात, कारण त्याने तो मासा ताटातही पाहिलेला नसतो. तेथील देवमाशाच्या प्रचंड सांगाड्यासमोर मात्र लेन्स काचेला टेकवण्याचा प्रश्न नाही. उलट शक्य तितके मागे सरकावे लागते आणि मोजमाप कळावे म्हणून एखाद्या मुलाला शेजारी उभे करावे लागते.

पाकटाच्या बाबतीत एक फसगत हमखास होते. पाकट काचेवर चढला की त्याची पांढरी पोटाकडची बाजू दिसते आणि त्यावर दोन डोळे व हसरे तोंड असल्याचा भास होतो. सहलीतील निम्मी मुले ‘हसणारा मासा’ म्हणून ते छायाचित्र घेऊन येतात. तोंड खरे असते, डोळे मात्र डोळे नसतात. त्या नाकपुड्या असतात. पाकटाचे डोळे पाठीच्या बाजूला, वर असतात, कारण तो वाळूत पोट टेकून पडलेला असताना त्याला वरचे पाहायचे असते. काचेवरचे एक आणि तळावर बसलेले एक अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, तर प्राणी जमिनीला कसा सरावतो हे पाठ्यपुस्तकाच्या पानाहून अधिक लवकर कळते.

राणीच्या बागेत २०१६च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून आणलेले आणि मार्च २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागलेले हम्बोल्ट पेंग्विन हा मत्स्यालयाच्याच जवळचा प्रकार. येथे एक अधिक अडचण असते. आतले तापमान १६ ते १८ अंश आणि बाहेर मुंबईचा दमटपणा. त्या काचेपाशी लेन्स किंवा चष्मा धुरकट झाला तर घाईने ओल्या रुमालाने पुसू नये. लेन्सला दोन-तीन मिनिटे तेथल्या हवेला सरावू द्यावे. पाण्याखालून पोहणारा पेंग्विन सावकाश पोहणाऱ्या माशापेक्षा बराच वेगवान असल्याने १२५वा भाग त्याला पुरत नाही, ५००वा लागतो. ते न जमणाऱ्याने तो काठावर येऊन पंख झटकेपर्यंत थांबावे.

मुंबई-रत्नागिरीची वाट धरण्यापूर्वी सराव करायचा तर छत्रपती संभाजीनगर जवळचे. तेथील सिद्धार्थ उद्यानात प्राणिसंग्रहालयाबरोबर मत्स्यालयही उभारले गेले. पण खरा सराव घरीच होतो. दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच अशा टाकीत चोपन्न-पंचावन्न लिटर पाणी मावते. खोलीतला दिवा मालवावा, टाकीच्या वर झाकणाशी एक टेबललॅम्प खाली तोंड करून ठेवावा, मागच्या काचेला काळा कागद चिकटवावा आणि मोबाइल समोरच्या काचेला टेकवावा. चार गप्पी आणि एक गोल्डफिश एवढ्या सामग्रीवर मत्स्यालयातील सगळ्या अडचणी समजतात. येथे फ्लॅशचाही प्रयोग करून पाहता येतो. तो कॅमेऱ्यापासून सोडवून टाकीच्या वर, खाली रोखून धरला की पांढरा गोळा येत नाही, कारण काचेवरून परतणारा प्रकाश लेन्सकडे न येता दुसरीकडे जातो. व्यावसायिक छायाचित्रकार फिल्मच्या काळात हेच करीत. सार्वजनिक मत्स्यालयात टाकीच्या वर जाण्याची परवानगी कोणाला मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

ज्या शहरात उन्हाळ्यात नळाला अनेक दिवसांआड पाणी येते, तेथे पंचावन्न लिटर पाणी माशांसाठी भरून ठेवायचे म्हणजे घरात थोडी कुरकुर होणारच. टाकीतले पाचव्या हिश्शाइतके पाणी आठवड्याला बदलावे लागते, म्हणजे बादलीभर. माशांच्या विष्ठेमुळे त्यात नत्र असते. ते मोरीत न ओतता तुळशीच्या कुंडीला आणि परसातल्या कढीपत्त्याला घातले, की कुरकुर बरीच कमी होते. नवे पाणी घालताना नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच टाकीत सोडावे. त्यातला क्लोरीन उडून जातो आणि मासे दगावत नाहीत. पाणी बदलल्यावर लगेच छायाचित्र घेण्याची घाई मात्र करू नये. उडालेला गाळ तळाशी बसायला आणि काचेला आतून चिकटलेले बुडबुडे सुटायला तासभर तरी जातो.